आय क्रीम घेण्याआधी खिडकीशी आरसा धरा

वाचकाचं पत्र :

ताई, मी ४१ वर्षांची. सांगलीजवळच्या गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या महिन्यात भाचीच्या केळवणाचे फोटो आले आणि स्वतःकडे बघवेना. डोळ्यांखाली काळं, कोपऱ्यात बारीक सुरकुत्या. भेटेल तो विचारतो, ‘बरं नाही का?’ पुण्याला गेले तेव्हा मॉलमधल्या मुलीने सांगितलं की आय क्रीम पंचविशीतच सुरू करायला हवं होतं, आता तरी घ्या. १५ मिलीची डबी, १,८०० रुपये. घेतली नाही, पण मनातून जातही नाही. मग मैत्रिणीने एक ट्यूब दिली. तिचे डाग आठ दिवसांत गेले म्हणाली. ती दहा दिवस लावतेय, थोडा फरक वाटतो. आय क्रीमचा खरंच उपयोग असतो का, की साधं मॉइश्चरायझर पुरे? आता माझी सोळा वर्षांची मुलगीही मागायला लागलीय. तसं मला सकाळी उठल्यावर शिंका येतात आणि डोळ्यांना खाज सुटते, पण ते नेहमीचंच. वर्षभर पाळीत अंगावरून जास्त जातंय, वयामुळे असेल. आईचे डोळेही असेच. काचबिंदूचे थेंब सुरू झाल्यापासून तिचे तर अजून काळवंडलेत.

उत्तर :

आधी ती ट्यूब बाजूला ठेवा. आज रात्रीसुद्धा लावू नका. आय क्रीमचं सगळं सांगते, पण हे आधी.

मी २४ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. ‘आठ दिवसांत डाग गेले’ हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला जातो. तुम्हीही वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं लिहिलं असेल तर तिन्ही मिळून बनवलेलं ते मलम आहे. स्किनचे डॉक्टर ते वांगासाठी देतात, ठरावीक दिवसांसाठी आणि स्वतःच्या देखरेखीखाली. हे औषध आहे, क्रीम नव्हे. २०१८ साली सरकारने स्टेरॉइडची बरीचशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कारण बायका ती गोरं होण्यासाठी पावडर लावावी तशी लावत होत्या, आणि चेहऱ्याची वाट लागल्यावर डॉक्टरांकडे जात होत्या.

फरक दिसतो, हे खरंच आहे. स्टेरॉइडने कातडी लवकर उजळते, म्हणून तर ती ट्यूब एका घरातून दुसऱ्या घरात फिरते. पण महिनोन्‌महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि थांबवलं की आधीपेक्षा जास्त लाली, आग आणि काळेपणा येतो. डोळ्याजवळ आणखी एक धोका आहे. तिथे लावलेलं थोडंथोडं डोळ्यात जातं, आणि दीर्घकाळ गेलेल्या स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. तुमच्या आईंना काचबिंदू आहे. काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून तुम्ही इतरांहून जास्त जपायचं. दहाच दिवस झालेत, घाबरू नका. बंद करा, थोडी आग झाली तर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. चेहरा लाल झाला, पुरळ आलं, किंवा दहा दिवस म्हणताना प्रत्यक्षात दोन-तीन महिने झाले असतील, तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा आणि ट्यूब सोबत न्या. मैत्रिणीलाही सांगा. तिने मायेनेच दिली असणार, पण ती स्वतःही लावतेय हे विसरू नका.

आणि ट्यूबवर काहीच छापलेलं नसेल, पार्लरमधून साध्या डबीत भरून दिलेलं असेल, तर थेट कचऱ्यात टाका. अकोल्यातल्या एका कुटुंबात गोरेपणाचं क्रीम लावून मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. चेहऱ्याला लावलेलं चेहऱ्यापुरतं राहतं असं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न.

पापणीची आणि डोळ्याखालची कातडी सगळ्या अंगावरची सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचा थर जवळपास नसतोच, आणि तेल सोडणाऱ्या ग्रंथीही गालापेक्षा खूप कमी. त्यात ही जागा कधी स्वस्थ नसते. मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लवते, हसताना कोपरे आकसतात, उन्हात आपण डोळे किलकिले करतो. म्हणून कोरडेपणाची पहिली रेघ इथेच उमटते. उन्हाळ्यात सांगलीच्या कोरड्या वाऱ्यात दुपारी स्कूटरवरून घरी आलात की कपाळ तेलकट आणि डोळ्याखाली मात्र ताणल्यासारखं, हे तुम्ही अनुभवलं असेल.

आय क्रीम या कातडीसाठी केलेलं मॉइश्चरायझर आहे. मुळात एवढंच. त्यातलं ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवतं, सिरॅमाइड आणि मेणासारखे पदार्थ ते उडू देत नाहीत. ओलावा मिळाला की कोरडेपणाने आलेल्या बारीक रेघा काही तासांत भरल्यासारख्या दिसतात, आणि त्यावर कन्सीलर किंवा पावडर लावली तर ती रेघांत साठत नाही. चांगल्या आय क्रीममध्ये वास नसतो, डोळ्याला झोंबेल असं काही कमी असतं, आणि ते जरा घट्ट असतं म्हणजे ओघळून डोळ्यात जात नाही. हा फायदा खरा आहे. तो मी कुणाला नाकारणार नाही. चाळिशीनंतर ज्यांचं साधं क्रीम डोळ्याला झोंबतं, डोळ्यातून पाणी येतं, त्यांना वेगळं आय क्रीम खरोखर उपयोगी पडतं.

पण तुमचं नेहमीचं मॉइश्चरायझर बिनवासाचं असेल आणि डोळ्याजवळ झोंबत नसेल, तर तेच तिथे लावा. ओलाव्याचं काम तेही तितकंच करतं. हिशेब करून बघा. १,८०० रुपयांना १५ मिली म्हणजे मिलीला १२० रुपये. साडेतीनशे रुपयांना १०० मिली मॉइश्चरायझर म्हणजे मिलीला साडेतीन रुपये. पतसंस्थेत दिवसभर व्याज काढणाऱ्या बाईला यापुढचं सांगायला नको. ‘पंचविशीतच सुरू करायला हवं होतं’ याला काही आधार नाही. तुमचं काहीही हुकलेलं नाही, आणि त्या मुलीचं बोलणं मनात ठेवू नका.

मग महाग डबीत आणखी काय असतं? कॅफिन असतं. ते बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून सकाळची सूज आणि निळसर झाक थोडी उतरते, पण काही तासांपुरतीच. फ्रीजमधला चमचा रुमालात गुंडाळून दोन मिनिटं डोळ्यांवर ठेवला तर जवळपास तेच होतं. काकडीचंही तसंच आहे. उपयोग तिच्या गारव्याचा असतो, काकडीचा नाही. व्हिटॅमिन सी आणि नायसिनमाइड रंगावर हळूहळू काम करतात, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. पेप्टाइडचा गाजावाजा मोठा आहे, पण मी त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला सांगणार नाही.

सुरकुत्यांवर ज्याचा परिणाम सर्वांत चांगला तपासला गेलाय ते म्हणजे व्हिटॅमिन ए, दुकानातलं रेटिनॉल. त्याचं मोठं भावंड ट्रेटिनॉइन आधी मुरमांचं औषध होतं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी ते मुरमांसाठी पुढे आणलं, आणि १९८६ साली उन्हाने जुनी झालेली कातडीही त्याने सुधारते असं दाखवून दिलं. रेटिनॉल त्याच घरातलं, पण सौम्य. कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, कोलॅजन, वाढायला ते मदत करतं. मात्र तीन ते सहा महिने लागतात, आणि सुरुवातीला कातडी सुटते, लाल होते. म्हणून डोळ्याजवळ लावायचं तर डोळ्यासाठीच केलेलं कमी ताकदीचं घ्यावं, आठवड्यातून दोनच रात्री, आधी साधं मॉइश्चरायझर लावून त्यावर. दिवसा सनस्क्रीन हवंच. दिवस राहिले असतील किंवा मूल हवं असेल तर अजिबात नाही. आणि तुम्ही तर आत्ताच ती ट्यूब थांबवताय, तेव्हा दोन महिने रेटिनॉलचं नावही काढू नका. कातडीला आधी सावरू द्या.

हे झालं कोरडेपणाचं आणि सुरकुत्यांचं. तुम्हाला जास्त खुपतंय ते काळं. इथे डबी घ्यायच्या आधी एक काम करायचं.

रविवारी सकाळी तोंड धुऊन, काही न लावता, छोटा आरसा घेऊन खिडकीशी उभ्या राहा. बल्ब बंद. उजेड समोरून चेहऱ्यावर येऊ द्या. आधी सरळ बघा. मग हनुवटी वर करून, तोंड खिडकीकडे उचलून बघा. काळं बरंचसं नाहीसं झालं तर तो रंग नव्हे, सावली आहे. वय वाढतं तसं डोळ्याखालचा भाग आत बसतो, गालाचं मांस खाली उतरतं, मधे खळगा पडतो आणि वरच्या दिव्याची सावली त्यात पडते. हॉलमध्ये वरून झोत असतात. केळवणाच्या फोटोत तुम्ही जे पाहिलंत त्यातलं निम्मं तरी हेच असणार, असं मला वाटतं. नंतर खालची कातडी बोटाने अगदी हलकी बाजूला ताणा. तपकिरी रंग कातडीबरोबर तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा आहे. निळसर-जांभळी झाक आणखी उठून दिसली तर पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या दिसतायत. आपल्याकडे बहुतेकींचं दोन-तीन प्रकारांचं मिश्रण असतं, पण जास्त कशाचं आहे ते कळतं.

खळग्याच्या सावलीला कुठलंही क्रीम भरून काढत नाही. डॉक्टर तिथे फिलरचं इंजेक्शन देतात, पण डोळ्याजवळच्या रक्तवाहिनीत ते गेलं तर क्वचित दृष्टी जाऊ शकते, म्हणून पार्लरमध्ये कधीही नाही. डोळ्याखाली दिवसभर राहणारी पिशवी म्हणजे आतली चरबी पुढे सरकलेली असते. तीही क्रीमने मागे जात नाही. सकाळी येऊन दहा वाजेपर्यंत उतरणारी सूज मात्र पाण्याची. रात्रीचं लोणचं-पापड कमी केलं, उशी जरा उंच घेतली की तिच्यात फरक पडतो. ही सूज दिवसभर राहायला लागली, पायावरही आली, तर लघवीची आणि रक्ताची तपासणी करायची.

तपकिरी रंग आईकडून आलेला असतो तेव्हा तो पूर्ण जात नाही. हे मी सरळ सांगते, कारण यावरच बायकांचे सर्वांत जास्त पैसे जातात. थोडा उजळतो, आणखी गडद होणं थांबवता येतं. त्यासाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडचं घ्या, ते डोळ्याला कमी झोंबतं. एसपीएफ ३० किंवा जास्त. रंगीत मिळालं तर उत्तम, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या दिसणाऱ्या उजेडालाही अडवतं आणि आपल्या सावळ्या कातडीला त्या उजेडानेही काळेपणा येतो. स्कूटरवर मोठ्या काचांचा गॉगल. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांतलं काहीही डोळ्याखाली लावायचं नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की तिथे भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात.

आता पत्रातल्या शेवटच्या ओळींकडे येते. तुम्ही त्या जाता जाता लिहिल्यात, पण माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं.

‘सकाळी शिंका आणि डोळ्यांना खाज, ते नेहमीचंच.’ नेहमीचं आहे म्हणूनच सांगते. ॲलर्जीने नाक आतून सुजतं, डोळ्याखालच्या नसांतलं रक्त तिथे तुंबतं आणि निळसर वर्तुळ दिसतं. शिवाय खाज सुटली की आपण डोळे चोळतो. दुकानात माझ्यासमोर कितीतरी बायका बोलता बोलता पदराच्या टोकाने डोळ्याचा कोपरा पुसायच्या, एकदा, दोनदा, परत. त्यांचं त्यांना कळतही नसे. त्या एका जागी रोज, वर्षानुवर्षं घासलं की कातडी स्वतःला वाचवायला रंग साठवते. चष्म्याच्या नाकपट्टीखाली नाक काळवंडतं ना, तसंच. तुमच्याकडे ऊस तुटून गेल्यावर फडात पाचट पेटवतात, त्या दिवसांत खाज वाढते का, बघा. घरात धूळ झटकताना, कपाटातली गोधडी काढताना वाढते का? उशीचे अभ्रे आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा, गादीला ऊन दाखवा, केर काढताना तोंडाला रुमाल बांधा. आणि डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी किंवा डोळ्याचे थेंब घ्या. मेडिकलमधून ‘लाल डोळ्यांचे थेंब’ मागून घालू नका, त्यांतल्या काहींत पुन्हा स्टेरॉइडच असतं. खाज सुटली की चोळण्याऐवजी गार पाण्याचा रुमाल ठेवायचा. सवय मोडायला महिना लागेल.

काजळ लावत असाल तर ते काढायची पद्धतही बदला. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब खोबरेल घ्या, मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता धरा, मग वरून खाली अलगद ओढा. काजळ विरघळून येतं. साबण लावून घासत बसायची गरज पडत नाही.

दुसरं वाक्य, ‘पाळीत अंगावरून जास्त जातंय, वयामुळे असेल.’ असं गृहीत धरू नका. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय निघाला. रक्त कमी झालं की चेहरा फिका पडतो आणि डोळ्याखालचं काळं आहे त्याहून ठळक दिसतं. ‘बरं नाही का?’ असं विचारणारे लोक कदाचित फिकेपणच बघत असतील, तुमची वर्तुळं नव्हेत. जिना चढताना दम लागतो का? पायात गोळे येतात? केस मूठमूठ गळतायत? सिनेमा बघताना पाय हलवत राहावंसं वाटतं? हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड, या तीन तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन बरं दिसलं तरी साठा रिकामा असू शकतो, म्हणून तेही हवं. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवणावरही लगेच चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या. लिंबाचा उपयोग इथे आहे.

आणि गोळ्यांवर भागवू नका. अंगावरून का जातंय ते स्त्रीरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या. सात दिवसांवर पाळी चालते का, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, गाठी पडतात का, हे तारखेसकट लिहून न्या. गर्भाशयात गाठ असू शकते, थायरॉइड असू शकतो, इतरही कारणं असतात. सोनोग्राफीला लागणारे पैसे त्या डबीहून फार जास्त नसतील, आणि हे काम आधीचं आहे.

झोपेचं आणि स्क्रीनचं थोडक्यात सांगते. जागरणाने वर्तुळं तयार होत नाहीत, पण असलेली गडद दिसतात. कॉम्प्युटरसमोर आपण पापणी खूप कमी लववतो, डोळे कोरडे पडतात, मग चोळणं आलंच. दर वीस मिनिटांनी मान वर करून दारापलीकडच्या झाडाकडे वीस सेकंद बघा.

एवढं सगळं करूनही तुम्हाला आय क्रीम घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. स्वतःसाठी रोज रात्री दोन मिनिटं काढणं यात मला काहीच वावगं दिसत नाही. तीनशे-चारशे रुपयांत चांगलं मिळतं. डबीपेक्षा ट्यूब घ्या, रोज बोट बुडवलं की डबीत जंतू जातात. वेष्टनावर ‘फ्रेगरन्स फ्री’ लिहिलेलं बघा. मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ असतं. उघडल्यावर तेवढेच महिने वापरायचं. पहिल्या दिवशी डोळ्याला लावू नका. कानामागे तीन-चार रात्री लावा. पुरळ, खाज काही आलं नाही तर पुढे.

लावायचं कसं, ते नीट सांगते, कारण चांगलं क्रीम चुकीच्या जागी लावल्यानेच बहुतेकींना झोंबतं. तोंड धुऊन टिपा, कातडी जराशी ओली असू द्या. एका डोळ्याला मुगाच्या दाण्याएवढं क्रीम घ्या, जास्त नाही. करंगळीशेजारच्या बोटावर घ्या, त्या बोटाचा जोर सर्वांत कमी पडतो. डोळ्याभोवती खोबणीचं हाड हाताला लागतं, त्या हाडावर ठिपके द्या. पापणीच्या केसांपर्यंत जाऊ नका. मग बोट ओढायचं नाही, नुसतं टेकवत टेकवत जायचं, जसं झोपलेल्या बाळाला थोपटतो तसं. ऊबेने ते आपोआप थोडं वर सरकतं. फार जाड थर दिला तर बाजरीच्या दाण्यासारखे बारीक पांढरे टणक पुटकुळे येतात. आले तर टोचू नका, क्रीम हलकं करा. सकाळी हेच, आणि वर सनस्क्रीन. परिणाम बघायला रोज आरशात शोधू नका. आज त्याच खिडकीशी, त्याच वेळेला एक फोटो काढून ठेवा आणि बारा आठवड्यांनी दुसरा काढा.

मुलीला आय क्रीम नको. सोळाव्या वर्षी त्या कातडीला कशाचीच उणीव नसते. तिला सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर द्या. रेटिनॉलची ट्यूब तिच्या हाती लागू देऊ नका, कारण या वयात मैत्रिणी मोबाइलवर बघून एकमेकींना तीच सुचवतात. तिलाही सकाळी शिंका येत असतील तर तिचीही ॲलर्जी बघा. आणि तिच्या देखत आरशासमोर ‘माझे डोळे किती वाईट दिसतात’ म्हणू नका. तिने तुमचाच चेहरा घेतलाय. ते वाक्य ती स्वतःला लावून घेईल.

शेवटी तुमच्या आई. काचबिंदूच्या काही थेंबांनी, लॅटानोप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट यांनी, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडू शकते, पापणीचे केस लांब होतात, डोळे खोल गेल्यासारखे दिसतात. हे डॉक्टरांना माहीत असतं, पण आपण सांगितल्याशिवाय त्यांना दिसेलच असं नाही. बाटलीवरचं नाव वाचा आणि पुढच्या तपासणीला ‘कातडी काळी होतेय, दुसरे थेंब चालतील का?’ असं स्पष्ट विचारा. औषध बदललं तर काळेपणा बऱ्याचदा काही महिन्यांत उतरतो. तोवर थेंब घातल्यावर डोळा मिटून घ्यायचा, आतल्या कोपऱ्यावर नाकाच्या बाजूने बोट हलकं दाबून दोन मिनिटं धरायचं, आणि बाहेर ओघळलेला थेंब लगेच ओल्या कापसाने टिपून टाकायचा. कातडीवर राहिलेलं औषधच रंग चढवतं. पण काळं होतंय म्हणून त्यांनी स्वतःहून थेंब बंद केले, असं होऊ देऊ नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आज संध्याकाळीच फोन करून विचारा, त्या रोज थेंब घालतायत ना.